सोलापुरात बसून कालवांवर भांडण

“कालव ताजं असलं की कच्चंच खायचं बे. लिंबू पिळायचं, गटकन गिळायचं. शिजवलं की वाया गेलं.”

हे श्रीनूचं. पुण्यातल्या कुठल्याशा मोठ्या हॉटेलातल्या रिसेप्शनला जाऊन आला होता. तिथं बर्फाच्या ढिगावर अर्धी उघडलेली कालवं, म्हणजे ऑयस्टर, मांडली होती म्हणे. त्याने किती खाल्ली ते शेवटपर्यंत सांगितलं नाही, त्यामुळे एकही खाल्लं नसावं असा माझा अंदाज आहे.

सात रस्त्याच्या आमच्या कट्ट्यावर मासे हा तसा वादाचा विषय नाही. उजनीची चिलापी, मरळ, फार तर थर्माकोलच्या खोक्यातून आलेली सुरमई, एवढ्यावर आमचं ज्ञान संपतं. पण देव्या मूळचा मालवणकडचा. नोकरीनिमित्त इथं आला, इथलीच मुलगी केली आणि आता कडक भाकरी आमच्यापेक्षा जोरात मोडतो. तो चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाला, “आमच्या आजीनं जन्मभर कालवं फोडली. एक कच्चं तोंडात घातलं नाही तिनं. ती काय गावंढळ होती?”

“गावंढळ कोण म्हणालंय? तिला कुणी सांगितलं नसेल.”

“तिला? समुद्राकाठच्या बाईला सोलापूरचा माणूस सांगणार कालव कसं खायचं ते!”

इथून पेटलं. देव्याने मग आख्खा कारभार सांगितला, आणि तो ऐकण्यासारखा होता. पुनवेच्या आणि अमावस्येच्या आसपास पाणी सगळ्यात लांब हटतं. त्या दिवसांत तिकडे भरती दुपारी येते आणि सुकती, म्हणजे ओहोटी, सकाळी-संध्याकाळी लागते. खडपं उघडी पडली की बायका हातात टोकदार लोखंड घेऊन उतरतात. कालव खडकाला डकलेलं असतं, नुसतं चिकटलेलं नव्हे. त्याची खालची शिंप दगडाचाच भाग झालेली असते. म्हणून ते उपटत बसत नाहीत. वरची शिंप जागेवर फोडायची, आतला गर टोकाने काढून भांड्यात टाकायचा, खालची शिंप तिथंच राहते. पाणी परत चढेपर्यंत, वाकून, धारदार कडांवर. पाय कापतात, बोटं कापतात. बाजारात तो गर वाट्यावर विकायला बसतात तेव्हा गिऱ्हाईक म्हणतं, एवढंसं आणि एवढे पैसे?

“मग तो गर घरी आला की,” देव्या म्हणाला, “आधी कच काढायची. फोडताना शिंपेचे बारीक तुकडे आत जातात, ते दाताखाली आले तर जेवण संपलं. मग कांदा, मसाला, भाजल्या खोबऱ्याचं वाटण, दोन आमसुलं. पाणी घालायचं नाही, त्याचंच सुटतं. मीठ शेवटी, चव बघून, कारण अर्धा समुद्र त्यातच असतो. आणि हे सगळं त्याच दिवशी. फोडलेलं कालव उद्यावर ठेवत नाहीत.”

श्रीनू हार मानणाऱ्यातला नाही. त्याने मोबाईल काढून वाचायला सुरुवात केली, आणि कबूल करायला हवं, मुद्दा बरोबर शोधला. मासा पाण्याबाहेर आला की मरतो आणि त्या क्षणापासून शिळा व्हायला लागतो. कालव मात्र शिंप मिटून, स्वतःचं पाणी आत धरून, थंड आणि ओलसर जागी कित्येक दिवस जिवंत राहतं. ओल्या गोणपाटात गुंडाळून, खोलगट बाजू खाली ठेवून न्यायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडायचं नाही, गोड्या पाण्यात बुडवायचं नाही. उघडं दिसलं तर टिचकी मारायची. मिटलं तर जिवंत, नाही मिटलं तर फेका.

“म्हणजे बघा बे,” श्रीनू उभाच राहिला, “सोलापुरात सुरमई शिळी येते, पण कालव जिवंत येऊ शकतं. साडेतीनशे किलोमीटर तर रस्ता. एका रात्रीचं काम.”

“अख्खं आणणार कुठून? खडक उचलून आणतोस?” देव्याने विचारलं.

उत्तर श्रीनूकडे तयार होतं. शेतीतून. तुतिकोरीनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या लोकांनी 1970 च्या दशकातच कालवशेतीचं तंत्र बसवलं: रिकाम्या शिंपा तारेत ओवून माळा करायच्या, मांडवाला खाडीत टांगायच्या, पाण्यात तरंगणारी कालवाची पिल्लं त्यावर येऊन बसतात आणि वाढतात. खायला घालायचं काही नाही, पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून ती पोट भरतात. सिंधुदुर्गात बायकांच्या बचत गटांनीही खाडीत कालवं वाढवून पाहिली आहेत. यात पाय कापत नाहीत आणि माल शिंपेसकट निघतो. मला स्वतःला या सगळ्या चर्चेत ही गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटली, पण कट्ट्यावर महत्त्वाच्या गोष्टीला फार वेळ मिळत नाही.

कारण तेवढ्यात बसू बोलला. बसू पक्का शाकाहारी, अंड्याच्या गाड्याजवळ उभा राहत नाही. पण पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो.

“ज्याला खायचं नाही तोच बोलालाय,” श्रीनू.

“बोलणारच. तू आत्ता म्हणालास ना, पाणी गाळतं म्हणून? मग गाळलेलं जातं कुठं?”

सगळे गप्प. मोठं कालव तासाला कित्येक लिटर पाणी अंगातून काढतं. त्या पाण्यात गावाचं गटार मिसळत असेल तर त्यातले जंतूही त्याच्या पोटात गोळा होतात; कावीळ त्यातलीच. 1988 मध्ये शांघायला कच्च्या-अर्धकच्च्या शिंपल्या खाऊन सुमारे तीन लाख लोकांना कावीळ झाली होती. शिंपल्या शिळ्या नव्हत्या. पाणी घाण होतं.

“म्हणून युरोपात कालव कुठल्या पाण्यातलं ते आधी बघतात,” बसू सांगत होता. “पाण्याचे वर्ग पाडलेत. 100 ग्रॅम गरात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतले जंतू, 230 च्या आत असतील तर थेट ताटात. जास्त असतील तर आधी स्वच्छ पाण्याच्या टाकीत ठेवून पोट साफ करायचं, मग विक्री. तुझ्या ताटातलं कालव कुठल्या खाडीतलं होतं, विचारलंस?”

“लग्नात कोण विचारतं बे?”

“मग झालं.”

श्रीनूचा शेवटचा बचाव: समजा खाडी एकदम स्वच्छ असेल, वर गाव नाही, कारखाना नाही, मग? यावरही बसूकडे उत्तर होतं. व्हिब्रिओ नावाचे जंतू घाणीतून येत नाहीत, ते समुद्राचेच रहिवासी. गार पाण्यात दबून असतात, पाणी कोमट झालं की वाढतात. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं हिवाळ्यातलं पाणी कुठं आणि जानेवारीतही अंघोळीला चालेल असं कोकणातलं कुठं. धडधाकट माणसाचं पोट बिघडून भागेल, पण लिव्हर खराब असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. लिंबाने ते मरत नाहीत. दारूनेही नाही. नीट शिजवल्यावर मरतात.

“म्हणजे आजी बरोबर,” देव्या.

माझं मतही तेच, फक्त थोडं पुढे जाऊन. श्रीनू ज्याला ताजं म्हणतो तो घड्याळाचा हिशोब आहे, बसूचा हिशोब पाण्याचा आहे, आणि दोन्हींची गल्लत केली की माणूस रात्रभर संडासाच्या वाऱ्या करतो. कच्चं खाणाऱ्या देशांनी ती चैन तपासण्या करून, पाणी राखून कमावली. आपण बर्फ आणि लिंबू तेवढं उचललं. उद्या सिंधुदुर्गातल्या त्या बचत गटांच्या खाडीला असा दाखला मिळाला आणि टाकीत साफ झालेला माल आला, तर थंडीत एखादं चाखायला माझी हरकत नाही. तोवर आमसूल घातलेलं सुकं. त्यात कमीपणा काय आहे, हे मला श्रीनू अजून समजावू शकलेला नाही.

मध्येच श्रीनूने बसूला चिमटा काढला, की कालवाला मेंदू नसतो, परदेशात काही कट्टर शाकाहारीसुद्धा तेवढ्यासाठी ते खातात, तुला चालेल. बसू म्हणाला, मेंदू नसलेल्यांना खात नाहीत, त्यांच्यासोबत चहा पितात.

मोती निघतो का, हा प्रश्न अपेक्षेप्रमाणे टपरीवाल्या मामांनी विचारला. दागिन्यातला नाही निघत, त्या मोत्याचे शिंपले वेगळ्या कुळातले. मामांचा रस तिथं संपला.

जायचं मात्र ठरलंय. पावसाळ्यात नाही, खाडीत गोडं पाणी भरतं, खडपावर पाय ठरत नाही. दिवाळीनंतरची एखादी पुनव धरायची असं देव्या म्हणतो. सकाळची सुकती गाठायची तर आदल्या रात्रीच मुक्कामाला पोचायला हवं. बसू येणार आहे, जेवायला सोलकढी-भात, आणि खाडीच्या पाण्याची एक बाटली भरून आणणार म्हणे तपासायला. श्रीनूने विचारलं, रिपोर्ट चांगला आला तर? बसू म्हणाला, “एका बाटलीवर खाडी पास होत नसते बे.” मग गाडी कुणाची काढायची यावरून नवं भांडण सुरू झालं.