आईसाठी रात्रीचं विमान निवडताना

गेल्या महिन्यात आईला घेऊन लंडनला आलो. भाचीला मुलगी झाली, आई पणजी झाली, आणि बाळाला मांडीवर घ्यायचंच असा तिचा हट्ट होता. आई ७६ वर्षांची आहे. कमरेच्या मणक्यांची झीज झालीये, दोन्ही गुडघे दुखतात. अर्धा तास एका जागी बसली की उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागतो. तिला दहा तास इकॉनॉमीत बसवणं मला मान्य नव्हतं. वीस वर्षं कामानिमित्त उडून साठलेले माइल्स होते, त्यात माझे आणि ताईचे पैसे घातले आणि बिझनेस क्लासची दोन तिकिटं काढायची ठरवली.

आई म्हणाली, "अरे, एवढ्या पैशांत माळ्यावर एक खोली झाली असती." खरं आहे तिचं. म्हणूनच ते पैसे कशासाठी मोजतोय याचा मी खूप विचार केला. तीन आठवडे घेतले. ओळखीतले सगळे एकेका कंपनीचं नाव सांगत होते. एकाने जेवणावरून, दुसऱ्याने लाउंजवरून, तिसऱ्याने पुरस्कारांवरून. मला यातलं काहीच पटलं नाही. का पटलं नाही ते सविस्तर लिहितो, कारण आईवडिलांना परदेशी नेणारे इथे बरेच जण आहेत आणि पैसे कुणाचेच वर आलेले नाहीत.

रात्रीच्या लांब उड्डाणात आपण पैसे मोजतो ते पाठ टेकून झोपायला. बाकी सगळं वरकड आहे. तेव्हा कंपनी निवडताना माझा प्रश्न एकच होता: आईला सलग किती तास सपाट पाठीने झोपता येईल?

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. काही वर्षांपूर्वी ऑफिसने एका नामांकित कंपनीचं बिझनेसचं तिकीट दिलं. नाव घेत नाही. सीट मागे जायची, पाय वर यायचे, पण पूर्ण आडवी होत नव्हती. उतारावर झोपल्यासारखं होतं ते. डोळा लागला की अंग खाली सरकायचं, गुडघे पुढच्या कडेला टेकायचे, जाग यायची. सकाळी उतरून थेट ग्राहकाच्या कारखान्यात गेलो आणि तिथे मापांच्या चर्चेत माझं डोकं चालेना. जेवण उत्तम होतं त्या विमानात, माणसंही प्रेमळ होती. पाठ मात्र तीन दिवस धरली होती. आईच्या बाबतीत असं झालं असतं तर पुढचा आठवडा ती अंथरुणातून उठली नसती.

आता तासांचा हिशेब. पुण्याहून संध्याकाळी सातला निघायचं, द्रुतगती मार्गाने मुंबई, टी-२ ला चेक-इन, इमिग्रेशन, आणि रात्री अडीचच्या सुमाराला उड्डाण. म्हणजे विमानात पाय ठेवतानाच माणूस दमलेला असतो. थेट लंडनला साधारण दहा तास. विमान वर गेलं, पट्ट्याची खूण विझली की सव्वातीन. त्यानंतर जेवणाचा थाट सुरू होतो. तो नाकारला आणि नाश्त्यालाही उठवू नका म्हणून सांगितलं, तर सव्वातीन ते सव्वादहा, सात तास झोप मिळू शकते. सगळं खात बसलो तर त्यातले दोन-अडीच तास गेले.

हाच प्रवास दोहा किंवा दुबईमार्गे बघा. पहाटे चारचं विमान, तीन-साडेतीन तासांचं. चढायचं, स्थिरावायचं, कसाबसा एक तास डोळा लागतो तोच खिडक्या उघडा, पाठ सरळ करा. मग विमानतळावर दोन-तीन तास. व्हीलचेअर मिळते, पण व्हीलचेअरवर झोप मिळत नाही. नंतरचं विमान सात तासांचं आणि त्यातलं आसन जगातलं सर्वोत्तम असेल, तरी तोवर आपल्या घड्याळात सकाळचे दहा वाजलेले असतात. आईचं शरीर चहा मागतं, झोप नाही. कतार एअरवेजच्या क्यूस्वीट या बिझनेस क्लासच्या आसनाबद्दल मला मनापासून आदर आहे. २०१७ मध्ये ती आली तेव्हा बिझनेस क्लासमध्ये सरकतं दार, मधल्या दोन आसनांचा जोडपलंग, हे सगळं नवलाचं होतं. मी स्वतः त्यात छान झोपलोय. पण तुकड्यातुकड्यांची झोप ७६ वर्षांच्या माणसाला पुरत नाही. त्यामुळे आखातमार्गे जाणाऱ्या सगळ्या कंपन्या मी पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवल्या. तिकीट स्वस्त पडत होतं तरी.

पुरस्कारांचंही सांगतो. विमान कंपन्यांना क्रमांक देणाऱ्या स्कायट्रॅक्स संस्थेच्या यादीत २०२३ ला सिंगापूर एअरलाइन्स पहिली होती, २०२४ ला कतार. दोन्ही थोर कंपन्या. पण पुरस्कार मिळतो कंपनीला, आणि आपण झोपतो एका ठरावीक विमानातल्या एका ठरावीक आसनावर. एकाच कंपनीच्या ताफ्यात तीन-तीन पिढ्यांची आसनं असतात. एमिरेट्सच्या ए-३८० या दुमजली विमानात वरच्या मजल्यावर १-२-१ अशी मांडणी, म्हणजे एका ओळीत दोन्ही खिडक्यांशी एकेक आसन, मध्ये दोन, आणि त्यांच्यामधून चालायचे दोन रस्ते; प्रत्येकाला थेट रस्ता. त्याच कंपनीच्या बऱ्याच ७७७ विमानांत २-३-२, म्हणजे मधल्या माणसाला दोन्हीकडे शेजारी. एअर इंडियाचं तसंच. २०२४ च्या जानेवारीत सेवेत आलेल्या त्यांच्या ए-३५० मध्ये दार असलेली २८ आसनं १-२-१ रचनेत आहेत. जुन्या ७८७-८ मध्ये २-२-२, जुन्या ७७७-३०० ईआर मध्ये २-३-२. ब्रिटिश एअरवेजने २००० मध्ये बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट पलंग आणला, तो त्या काळी मोठा पराक्रम होता. पण त्या जुन्या क्लब वर्ल्ड (हे त्यांच्या बिझनेस क्लासचं नाव) रचनेत खिडकीजवळच्या माणसाला रात्री उठायचं तर शेजाऱ्याच्या पसरलेल्या पायांवरून ओलांडून जावं लागतं. आईला रात्री दोनदा तरी उठावं लागतं. अंधारात, हलत्या विमानात, दुखऱ्या गुडघ्याने कुणाच्या पायांवरून ती कशी जाणार? २०१९ पासून त्यांनी दाराची क्लब स्वीट आणली, त्यात हा प्रश्न उरत नाही. म्हणून कंपनीचं नाव बघून थांबू नका. तारीख, उड्डाण क्रमांक आणि विमानाचा प्रकार बघा, आणि सीट मॅप उघडून एका ओळीत किती आसनं आहेत ती मोजा.

थोडं विषयांतर, पण लिहितो. २-२-२ म्हणजे वाईटच, असं नाही. दोघांनी मिळून जायचं असेल तर त्यातली मधली जोडी फार सोयीची. दोघांनाही आपापल्या बाजूने रस्ता मिळतो आणि तरी आपण शेजारी असतो, हात लांब केला की आईच्या पांघरुणापर्यंत पोचतो. १-२-१ मधली एकेकटी खिडकीची जागा माझ्यासारख्या कामाला निघालेल्या माणसाला स्वर्ग. आई तिथे घाबरली असती. दार लावलेल्या खोक्यात एकटी, कोणतं बटण कशाचं ते माहीत नाही.

व्हर्जिन अटलांटिकच्या ७८७ वर १-१-१ आहे, सगळ्यांना रस्ता, पलंगही पूर्ण सपाट. पण तिथे पलंग करायला आसनाची पाठ उलटी पाडावी लागते, म्हणजे प्रवाशाने उठून उभं राहायचं, क्रूने ते करायचं, मग परत चढून झोपायचं. तरुण माणसाला यात काहीच नाही. कित्येक जण म्हणतात की तोच पलंग जास्त सपाट आणि टणक लागतो. आईसाठी मात्र प्रत्येक उठबस मोजावी लागते. बटण दाबलं की बसल्या जागी सीट आडवी होणारी रचनाच मला हवी होती.

मुंबईहून इंडिगोनेही २०२५ च्या जुलैत मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला थेट विमानं सुरू केली. त्यांचं स्ट्रेच, म्हणजे त्यांच्या बिझनेस क्लासचं आसन, रुंद आहे, चांगलं मागे झुकतं, पण पलंग होत नाही. दिवसाच्या प्रवासाला मी ते आनंदाने घेईन. रात्री, मणक्याच्या रुग्णासाठी, नाही. माझ्या एका मित्राने "पुढची सीट आहे ना" म्हणून वडिलांसाठी असंच एका कंपनीचं तिकीट काढलं होतं, त्यांचे पाय उतरेपर्यंत टम्म सुजले. तिकीट काढताना "पूर्ण सपाट, १८० अंश" हे शब्द स्पष्ट लिहिलेत का ते बघाच.

हवेबद्दल कुणी फारसं बोलत नाही. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर उडतं, पण आतला हवेचा दाब कमी उंचीसारखा ठेवलेला असतो. जुन्या धातूच्या विमानांत तो साधारण आठ हजार फुटांवर असल्यासारखा, म्हणजे सिमल्यापेक्षाही वर. ७८७ आणि ए-३५० चं शरीर कार्बनच्या तंतूंचं, जास्त दाब सोसणारं, त्यामुळे आत सहा हजार फुटांसारखं वाटतं. कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोडं वर. हवेत ओलावाही जरा जास्त राहतो. वीस वर्षांचा माझा अनुभव आहे की या विमानांतून उतरताना डोकं हलकं असतं, घसा कोरडा पडत नाही. आसन सारखंच असेल तर मी नेहमी ही विमानं निवडीन. आसनात फरक असेल तर आसन आधी.

जागा निवडतानाही बघायच्या गोष्टी आहेत. बऱ्याच रचनांमध्ये पाय पुढच्या आसनाखालच्या कप्प्यात जातात आणि तो कप्पा अरुंद असतो. कुशीवर वळलं की पाय अडकतात. पहिल्या ओळीत, भिंतीमागे, हा कप्पा बहुधा मोठा असतो. पण तिथेच बाळांचे पाळणे लावतात. स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृहाच्या अगदी लगतच्या ओळींत रात्रभर पडदे हलतात, दिवा येत राहतो. आईसाठी मी स्वच्छतागृहापासून दोन-तीन ओळींवरची जागा घेतली: चालायला जवळ, आवाजाला लांब.

शेवटी आम्ही ब्रिटिश एअरवेजचं थेट विमान घेतलं, क्लब स्वीट दिसत असलेल्या तारखेचं, मधली जोडी. त्या तारखेसाठी आठवडाभर थांबलो. भाची म्हणत होती, आधी ये. मी म्हटलं, आजीची पाठ बघून येतो.

आईने रात्री आठला खालापूरच्या फूड मॉलवर गाडीत बसूनच घरून आणलेला वरणभात खाल्ला. विमानात चढल्यावर मी क्रूमधल्या ताईंना सांगितलं की आम्हाला जेवण नको, नाश्त्यालाही उठवू नका, उतरण्याआधी फक्त चहा द्या. त्यांनी लगेच मान्य केलं. मधला पडदा खाली केला. आईचं आसन आडवं केलं, गुडघ्यांखाली जादा उशी ठेवली, पायमोजे मी घरूनच घट्ट, पोटरीपर्यंतचे आणले होते. तिने थोडा वेळ रामरक्षा पुटपुटली आणि झोपली. मी जागा राहून बघत होतो. पावणेसहाला एकदा उठली, माझा हात धरून चार पावलं गेली, परत आली, कुशीवर वळली. दहा वाजेपर्यंत हललीसुद्धा नाही. चहा पिताना विचारलं, "कंबर कशी आहे?" म्हणाली, "घरी झोपते तशीच झोपले की रे." हिथ्रोवर व्हीलचेअर आली होती, तरी शेवटचा टप्पा ती चालत गेली, ताई दिसली म्हणून.

परतीचं तिकीट अजून काढायचं आहे. लंडनहून रात्री निघणारं विमान साडेआठ-नऊ तासांत मुंबईत येतं, वारा पाठीशी असतो, म्हणजे झोपेचा एक तास कमी. शिवाय घड्याळ पुढे जातं. त्यामुळे जितकं उशिरा निघणारं मिळेल तितकं बरं, असं मला वाटतंय. एअर इंडियाचं एक उड्डाणही बघतोय. त्या तारखेला कोणतं विमान येतं त्यावर ठरवीन. एक गोष्ट मात्र कुठल्याच सीट मॅपवर कळत नाही: आडवं केल्यावर पलंग जमिनीपासून किती उंच येतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खुर्चीएवढी उंची लागते, त्याहून खाली गेलं की उठता येत नाही. तुमच्यापैकी कुणी अलीकडे आईवडिलांना घेऊन उडालं असेल तर कंपनी, विमानाचा प्रकार आणि ही उंची, वितीने मोजलेली असली तरी चालेल, खाली लिहा. मी सगळं वहीत उतरवून घेतोय.