ज्युलिएट विषाने मेली नाही

'रोमिओ-ज्युलिएटने एकत्र विष घेतलं' असं सांगणारी पोस्ट सध्या फिरते आहे. साफ चूक. शेक्सपिअरच्या नाटकात विष प्यायला एकटा रोमिओ. तेही मांटुआ शहरातल्या एका कंगाल औषधविक्याकडून ४० डुकाट (सोन्याची नाणी) मोजून घेतलेलं. तिथे असलं विष विकणाऱ्याला देहदंड होता, पण बिचारा पोटापुढे काय करणार! ज्युलिएटने घेतलं ते फ्रायर लॉरेन्स या ख्रिस्ती साधूने दिलेलं, ४२ तास मेल्यागत निजवणारं औषध. त्यातून ती ठणठणीत जागी होते. बघते तर मेलेल्या रोमिओच्या हातात रिकामा पेला. माझ्यासाठी थेंबभरही ठेवलं नाहीस म्हणून ती त्याच्यावर चिडते, काही लागून राहिलं असेल या आशेने त्याचे ओठ चुंबते. ते अजून ऊबदार असतात. तेवढ्यात पहारेकऱ्यांची चाहूल लागते आणि ती त्याचाच खंजीर छातीत खुपसून घेते.