माणसं चार, तुकडे तीन, आणि म्हणे शेअरिंग!

जेवायला गेल्यावर वेटर "आधी आमची कन्सेप्ट समजावून सांगतो" म्हणाला की ओळखायचं, आज खिसा पण रिकामा आणि पोट पण रिकामं. लंडनमध्ये हे साउथ अमेरिकन शेअरिंग प्लेट्सचं फॅड इतकं बोकाळलंय ना की विचारू नका. दादा-वहिनी नाशिकहून आलेले, म्हटलं इथे येऊन पण पनीर टिक्काच कशाला, जरा वेगळं काहीतरी खिलवू, म्हणून बुकिंग केलं. तर त्यातही आधी कार्ड नंबर द्या, आला नाहीत तर माणशी २० पौंड कापू, आणि आलात तर दीड तासात टेबल रिकामं करा. लग्नाचा हॉल बुक करताना एवढ्या अटी नसतात राव.

तर कन्सेप्ट काय, सगळं मधे ठेवायचं, वाटून खायचं, माणशी तीन प्लेट्स मागवा, आणि किचनमधून जसजसं तयार होईल तसतसं येईल. अरे बाबा, वाटून खायचं कसं हे तू आम्हाला शिकवणार? आमच्याकडे ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून वाढतात. आणि "जसं तयार होईल तसं" म्हणजे किचनला सोयीचं असेल तसं, तुम्ही बसा तोंड बघत.

पहिल्यांदा एम्पनाडा आले, म्हणजे आपल्या खिमा भरलेल्या करंज्याच. तीन. आम्ही चार. बुकिंगमध्ये चार लिहिलेत, टेबलावर चार डोकी दिसतायत, ऑर्डर घेताना त्या पोराने आमच्याकडे बघून मान डोलावलीय, तरी तीन! अजून एक टाकायचा आणि त्याचे पैसे लावायचे, देतो ना मी, पण नाही, प्लेटमध्ये तीनच असतात. मग सुरू झालं, तू घे, नको तू घे, मला नकोच होता, अहो घ्या हो भाऊजी. शेवटी कापायला घेतला तर बटर लावायची बोथट सुरी दिलेली, आतला खिमा सगळा बाहेर, आणि वाट्याला काय आलं तर कडेची कडक मुरड. स्कॅलप, म्हणजे शिंपल्यातला मऊ गर, ते पण तीनच. स्कॅलपचे चार भाग करून बघा कधीतरी, टीव्हीवर शो होईल त्याचा.

मग सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी, १६ पौंड. माशाचे मोजून सहा तुकडे, वर कांद्याच्या चार काड्या आणि चिमट्याने ठेवलेलं एक फूल. ऑफिसात माझ्या शेजारी बसते ती मुलगी पेरू देशातल्या लिमाची आहे, तिला फोटो दाखवला तर आधी हसली आणि मग चिडलीच. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिकडे सेविचे म्हणजे दुपारचं जेवण, ताज्या मासळीचं, सोबत उकडलेलं रताळं, मोठमोठ्या दाण्यांचा मका, ताट भरून, आणि ते लिंबू-मिरचीचं आंबट पाणी उरतं ते ग्लासात घालून पितात. युनेस्कोने २०२३ मध्ये त्यांचं सेविचे वारसा यादीत घेतलं, ते काय सहा तुकड्यांसाठी घेतलं का?

आणि मुळात वाटून खाणं त्या खंडाला काही नवीन नाही हो. अर्जेंटिनात मांसाची अख्खी परात निखाऱ्यांच्या शेगडीसकट टेबलावर आणून ठेवतात. ब्राझीलमध्ये रोदीझियो असतं, लोक सळ्या घेऊन फिरत राहतात आणि तुम्ही टेबलावरची हिरवी चकती उलटून लाल करेपर्यंत वाढतच राहतात. याला म्हणतात शेअरिंग. हे चमचा-चमचा वाढून प्लेटमागे १२-१५ पौंड घ्यायचं कुठून आलं? स्पेनच्या तापासची, म्हणजे तिथल्या छोट्या-छोट्या प्लेट्सची, नक्कल मारायची आणि वर नाव पेरू देशाचं लावायचं.

मेनू तर कोडं आहे नुसतं. "कणीस. राख. लिंबू." एवढंच. पदार्थाचं नाव नाही, वाफवलंय की तळलंय माहीत नाही. "अँटिकुचो" म्हणून एक होतं, पुढे लिहिलंय मिरची आणि बटाटा. दादा बीफ खात नाही हे ऑर्डर देतानाच सांगितलं होतं, "किचनला विचारून येतो" म्हणून तो पोरगा गेला तो गेलाच, आणि त्याच्याआधी प्लेट आली. दादाच्या काट्यावर तुकडा, आणि मी आणणाऱ्या मुलीला विचारतोय तर ती गोड हसून म्हणते, बीफ हार्ट, व्हेरी ट्रॅडिशनल. अगं बाई ट्रॅडिशनल आहे ना, मग छाप की मेनूवर! राख छापायला जागा आहे तुमच्याकडे.

पण माझं डोकं खरं फिरलं ते मोकेकावर. ब्राझीलमधल्या बाहियाचं फिश करी म्हणा, नारळाचं दूध, ढोबळी मिरची, ते लालसर पाम तेल, मातीच्या भांड्यात रटरटत आलं. वहिनीचं माहेर मालवणचं, वास आल्याबरोबर सावरून बसली बिचारी, संध्याकाळभरात पहिल्यांदा चेहरा खुलला. म्हणाली, भात कुठाय? भात मागवलेला होता, वेगळा, पाच पौंड देऊन. येतोय म्हणे. आम्ही बसलो. रश्शावर साय धरली, कडेला तेल गोठायला लागलं, तरी भात नाही. मधल्या वेळात काय आलं तर तळलेला कसावा, चार काड्या, नऊ पौंड. वहिनीला म्हटलं यापासूनच आपला साबुदाणा होतो, तर तिने मनातल्या मनात रुपये केले आणि म्हणाली, हजाराला चार? त्यात मी किलो-किलोने साबुदाणा आणला असता. शेवटी कालवण नुसतं चमच्याने प्यालो आणि भांडं उचलून नेल्यावर भात आला! कोरडा! कशाशी खायचा, फुलाशी?

टेबल पण एवढंसं की नवीन प्लेट आली की जुनी हातात धरून बसा. आणि अर्धा घास तोंडात असताना "झालं का, नेऊ का" चालूच, कारण दीड तास संपत आलेला.

बिल १८० पौंड. वर सर्व्हिस चार्ज १२.५ टक्के, म्हणजे आणखी साडेबावीस. वाढपी मी, कापणारा मी, हिशोब करून वाटे घालणारा मी, भात कुठाय म्हणून मागे लागणारा मी, आणि सर्व्हिस यांची? ऑप्शनल असतो तो, काढा म्हटलं की काढावा लागतो, पण काढा म्हटलं की असं बघतात जसं काही आपण चमचे ढापून चाललोय. ऑक्टोबर २०२४ पासून इथे कायदा झालाय की टिपचे आणि सर्व्हिस चार्जचे सगळे पैसे कर्मचाऱ्यांनाच द्यायचे, म्हणून त्या पोरांकडे बघून भरले गुपचूप. त्यांचा काय दोष, प्लेटमध्ये तीन टाकायचं ते ठरवत नाहीत.

ठरवतो त्याला एवढंच सांगायचंय की मेनूवर नग लिही. एम्पनाडा, नग तीन. स्कॅलप, नग तीन. म्हणजे येणारा माणूस चौथ्याला घरी ठेवून येईल. आणि भात रश्श्याबरोबर पाठव रे, तुझी कन्सेप्ट घाल चुलीत.