शांतता हवीय? मग डीजे ऐका!

जैसलमेरहून 40 किलोमीटरवरच्या सम गावाला कशाला गेलो? वाळू बघायला. दिसलं काय? जीपच्या चाकांचे चर, वेफर्सची पाकिटं आणि उंटाच्या लेंड्या! वाऱ्याने वाळूवर उठवलेल्या त्या बारीक लाटा बघायला वाकलो, तर मागून "साब, ऊँट?" नको. "साब, जीप?" नको! पाच मिनिटांत अकरा वेळा नको म्हटलं. बाराव्याला बायकोच उंटावर चढून बसली.

सूर्यास्ताला टेकडीच्या धारेवर ही झुंबड! दादर स्टेशन परवडलं. सूर्याकडे बघतंय कोण? सगळे त्याला चिमटीत धरून फोटो काढण्यात गुंग.

आणि रात्री? तंबूवाला फोनवर म्हणाला होता, "एकदम शांत जगह." कालबेलिया हा राजस्थानी लोकनाच जेमतेम दहा मिनिटं, मग वरातीतली गाणी. शेजारच्या कॅम्पचा डीजे वेगळा, त्यांची वरात वेगळी! अहो, याच भागात माळढोक जगवायची धडपड चाललीय, त्या पाखराने कानात बोळे घालायचे का? चांदणं बघावं म्हटलं, तर डोक्यावर हॅलोजन. आमच्या गल्लीत निदान दहाला पोलीस तरी येतात.

घरी येऊन आठवडा झाला, बुटातून अजून वाळू निघतेय. बिचारी एक शब्द बोलत नाही.