पहिल्या दिवशी कॅमेरा कुठे होता

लॉस एंजेलिसच्या आगीचा विषय निघाला की अजूनही लोक मला आधी नटनट्यांच्या घरांबद्दल विचारतात. 7 जानेवारी 2025 ला आग लागली आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून आईचा फोन आला. आम्ही सुखरूप आहोत हे ऐकून तिचा जीव भांड्यात पडला आणि मग म्हणाली, "अगं, त्या पॅरिस हिल्टनचं घर जळलं म्हणे." आईचा काय दोष? तिच्या टीव्हीवर तेच चालू होतं. व्हॉट्सॲपवर तर हॉलिवूडची डोंगरावरची प्रसिद्ध पाटी पेटल्याचे फोटो फिरत होते. ते चक्क बनावट होते, पाटीला धगसुद्धा लागली नव्हती.

मी लॉस एंजेलिसजवळच्या पासाडेनाच्या पूर्वेला राहते. त्या रात्री आमच्या गल्लीच्या टोकाला उभं राहिलं की ईटन कॅन्यनचा डोंगर लालभडक दिसत होता. घरात टीव्ही लावला तर पडद्यावर मात्र समुद्रकिनारा, मालिबू आणि पॅसिफिक पॅलिसेड्स, म्हणजे किनाऱ्यालगतच्या श्रीमंत वस्त्या. डोळ्यांसमोर एक आग आणि टीव्हीवर दुसरीच. तेव्हापासून हे मनात साठलंय, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

त्या दिवशी मोठ्या आगी दोन होत्या. पॅलिसेड्सची सकाळी साडेदहाच्या सुमारास सुरू झाली, ईटनची संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास. सांता अॅना नावाचे वाळवंटाकडून येणारे कोरडे वारे इतके बेफाम होते की पाणी टाकणारी विमानं-हेलिकॉप्टरं उतरवून ठेवावी लागली. पॅलिसेड्सच्या आगीत 6,800 हून जास्त इमारती गेल्या आणि 12 माणसं मेली. ईटनच्या आगीत 9,400 हून जास्त इमारती गेल्या आणि 19 माणसं मेली. ज्या आगीत जास्त घरं आणि जास्त माणसं गेली, तीच बातम्यांत मागे होती.

याला काही साधी कारणंही आहेत, ती नाकारण्यात अर्थ नाही. पॅलिसेड्सची आग आधी लागली, दिवसाउजेडी लागली, आणि जिथे चॅनेलवाल्यांच्या गाड्या आणि हेलिकॉप्टरं चटकन पोहोचतात तिथे लागली. पण दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही जळलेल्या बंगल्यांच्या मालकांची नावं वाचून दाखवली जात होती, आणि ईटनच्या आगीत जे गाव जळलं त्या अल्टाडेनाचं नाव जगातल्या बहुतेकांनी तोवर ऐकलेलंही नव्हतं.

अल्टाडेना म्हणजे काय हे थोडं सांगायलाच हवं. एकेकाळी या देशात काळ्या माणसाला कुठे घर घ्यायचं हे बँका ठरवायच्या. नकाशावर लाल रेघा मारून ठेवलेल्या असायच्या, त्या भागात कर्ज नाही, आणि गोऱ्यांच्या वस्तीत काळ्यांना घर नाही. 1960-70 च्या दशकांत पश्चिम अल्टाडेनात काळ्या कुटुंबांना घरं घेता आली. शिक्षक, पोस्टमन, नर्स, गवंडी अशा कमावत्या माणसांनी पै-पै साठवून छोटी घरं घेतली, मागच्या अंगणात लिंबू-संत्री लावली आणि ती घरं मुला-नातवंडांकडे दिली. आज लॉस एंजेलिसच्या किमतीत त्यातल्या कुणालाच नव्यानं असं घर घेता येणार नाही. घर हीच त्यांची सगळी पुंजी. कर्ज केव्हाच फिटलेलं. कर्ज फिटलं की विम्याची सक्ती करणारी बँकही राहत नाही. विमा कंपन्या हप्ते वाढवत चाललेल्या. त्यामुळे किती तरी घरांना अपुरा विमा होता आणि काहींना नव्हताच.

गावाच्या मधोमध लेक अव्हेन्यू नावाचा रस्ता जातो. त्याच्या पूर्वेकडच्या लोकांना घरं सोडण्याचे आदेश संध्याकाळीच मिळाले. पश्चिमेकडच्या लोकांना ते पहाटे तीन वाजून गेल्यावर मिळाले, तेव्हा तिथली घरं पेटून कित्येक तास झाले होते. ईटनच्या आगीतले बहुतेक सगळे मृत्यू लेक अव्हेन्यूच्या पश्चिमेचे. मेलेल्यांत म्हातारी माणसं, आजारी माणसं, चालता न येणारी माणसं. टीव्हीमुळे आदेश उशिरा निघाला असं मी म्हणत नाही, ती यंत्रणेची चूक आहे आणि तिचा जाब यंत्रणेलाच द्यावा लागेल. पण हा उशीर उघडकीला आला कसा? लॉस एंजेलिस टाइम्सचे बातमीदार तिथे गेले, लोकांशी बोलले, आदेशांच्या वेळा जुळवून पाहिल्या, म्हणून. बातमीदार गेला तर हे घडतं. म्हणून तो कुठे जातो याची मला इतकी पडलेली आहे.

आता दुसरी बाजू. त्या आठवड्यात भारतातल्या आणि इथल्याही काही मित्रांच्या पोस्ट वाचून मला फार त्रास झाला. "बरं झालं, श्रीमंतांची जळली", "यांना कशाला सहानुभूती, यांचे तर चार-चार बंगले असतात". माणसाचं घर जळलंय, त्यात त्याच्या आईचे फोटो गेलेत, मुलांच्या वह्या गेल्यात. याच्यावर टाळ्या पिटणं मला सहन होत नाही. माणूस कितीही श्रीमंत असो, घराची राख बघताना त्याच्या पोटात तेच कालवतं. ज्यांनी घर गमावलं त्या प्रत्येकाबद्दल मला वाईट वाटतं, यात मी कुणालाही वगळणार नाही.

आणि पॅलिसेड्स म्हणजे फक्त बंगले हेही खोटंच आहे. तिथे समुद्रासमोर पॅलिसेड्स बोल आणि ताहितियन टेरेस नावाच्या मोबाइल होमच्या, म्हणजे तयार आणून ठेवलेल्या घरांच्या, दोन वस्त्या होत्या. घर तुमचं, खालची जमीन भाड्याची. भाड्यावर नियंत्रण होतं म्हणून निवृत्त माणसं, साध्या पगाराची माणसं तिथे वर्षानुवर्षं टिकली होती. दोन्ही वस्त्या जळाल्या. जमीन त्यांची नाही, मग परत घर बांधायचं कुठे?

आमच्या शेजारणीकडे घरकामाला येणारी बाई ग्वातेमालाची. आठवड्यातले बाकीचे दिवस ती दोन बस बदलून पॅलिसेड्सला जायची, तिथे तीन घरं धरलेली होती. तिन्ही एका रात्रीत गेली. मालक हॉटेलात गेले, भाड्याच्या घरात गेले, त्यांनी तिला मनापासून मेसेजही केले. पण काम संपलं. तिचं स्वतःचं घर शाबूत होतं, त्यामुळे आपत्तीग्रस्तांच्या कुठल्याच यादीत तिचं नाव नाही. आणि कागदपत्रं नसलेल्या माणसाला फेमाची, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती-मदत खात्याची, रोख मदत तशीही मिळत नाही. आमच्या स्वयंपाकघरात बसून तिनं एका कागदावर मालकांची नावं, वार आणि दर वारचे पैसे लिहून दाखवले, आणि पेन खाली ठेवून म्हणाली, आता मंगळवार नाही, गुरुवार नाही, शनिवार नाही. अशा मोलकरणी, माळी, मुलं सांभाळणाऱ्या बायका, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बायका या शहरात हजारोंनी आहेत. श्रीमंत वस्ती जळते तेव्हा तिच्या जिवावर चाललेल्या चुलीही विझतात, आणि त्या चुली दहा-वीस मैल लांब असतात म्हणून कुणाला दिसत नाहीत.

सहानुभूती नुसती भावना असती तर मी इतकं लिहिलंही नसतं. तिचे पैसे होतात. 30 डिसेंबर 2021 ला कोलोरॅडोत बोल्डरजवळ मार्शल फायर लागली, हजाराहून जास्त घरं गेली. त्यानंतर लोकांनी गोफंडमी या ऑनलाइन वर्गणीच्या साइटवर जमवलेल्या पैशांचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. वर्षाला दीड लाख डॉलरपेक्षा जास्त कमावणाऱ्या कुटुंबांना पाऊण लाखापेक्षा कमी कमावणाऱ्यांपेक्षा सुमारे 28 टक्के जास्त मदत मिळाली होती. यात कुणाचा कावा नाही. मदत मागण्याची पोस्ट आधी आपल्याच ओळखीच्यांत फिरते, आणि श्रीमंताच्या ओळखीचे लोकही श्रीमंत असतात. मोलकरणीनं पोस्ट टाकली तर ती वाचणार दुसरी मोलकरीण. ती दहा डॉलर देईल, तेही स्वतःचं पोट मारून.

बातम्यांनी श्रीमंतांच्याच मागे जाणं हे काही 2025 मध्ये सुरू झालं नाही. 8 नोव्हेंबर 2018 आठवा. उत्तर कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज नावाचं गाव, निवृत्तांचं, स्वस्त घरांचं, एका दिवसात राख झालं. त्या आगीत 85 माणसं मेली, 18 हजारांहून जास्त इमारती गेल्या. वीज कंपनी पीजीअँडईनं पुढे 84 मृत्यूंच्या मनुष्यवधाचा गुन्हा कोर्टात कबूल केला. त्याच दिवशी दुपारी मालिबूकडची वूल्झी आग लागली, तिच्यात तीन माणसं गेली. आणि तेव्हा माझ्या भारतातल्या नातेवाइकांपर्यंत काय पोहोचलं? कार्दशियन बाईंनी बंगला वाचवायला खासगी अग्निशामक आणले. पॅराडाइजचं नाव त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

आणि 7 जानेवारी 2025 च्याच सकाळी तिबेटमध्ये तिंगरीला भूकंप झाला. सव्वाशेहून जास्त माणसं मेली, हाडं गोठवणाऱ्या थंडीत हजारो लोक उघड्यावर आले. तिथे परदेशी बातमीदारांना चीन सहजासहजी जाऊ देत नाही, हे खरं. तरी आपण तर शेजारी. माझ्या कुठल्याही ग्रुपवर त्याची एक ओळ आली नाही.

कॅमेरा जिथे थांबतो तिथे काय होऊ शकतं याचं एक उदाहरण याच आगीतलं आहे. आग विझवणाऱ्यांत हजाराच्या आसपास कैदी होते. नारिंगी कपडे घालून, हातात कुदळ-फावडी घेऊन ते आगीच्या वाटेवरचं गवत-झुडूप साफ करत होते. दिवसाला 5.80 ते 10.24 डॉलर, आणि आणीबाणीत तासाला एक डॉलर वर. ही पद्धत कित्येक दशकांची आहे, पण या वेळी लोकांनी ते व्हिडिओ पाहिले, संतापले, आमदारांच्या मागे लागले. ऑक्टोबर 2025 मध्ये कायदा झाला आणि आगीवर असतानाची मजुरी तासाला 7.25 डॉलर झाली. अजूनही कमीच आहे. पण लोकांनी बघितलं म्हणून झालं.

अल्टाडेनात राख उचलून झाल्यावर रिकाम्या प्लॉटांवर पाट्या लागल्या, "अल्टाडेना विकायला नाही". तरी विक्री चालू आहे, आणि विकत घेणाऱ्यांत बऱ्याच कंपन्या आहेत. विमा नसलेल्या म्हाताऱ्या माणसानं घर बांधायचं कशातून? चॅनेलांच्या गाड्या केव्हाच निघून गेल्या आणि खरी गरज आत्ता आहे.

इथल्या मराठी मित्रमैत्रिणींना एक विनंती. मंडळात या आगीसाठी जे पैसे गोळा केले जातात, ते कुणाला द्यायचे हे ठरवताना ओळखीच्या नावांच्या पलीकडे बघूया. पश्चिम अल्टाडेनातली चर्चेस आणि पासाडेनाचं रोजंदारी मजुरांचं जॉब सेंटर, दोघांनाही कुणाचं काय गेलंय ते घराघरानिशी माहीत आहे. मजुरांनी तर स्वतःची कामं बुडालेली असताना पहिल्याच आठवड्यात रस्त्यावर पडलेली झाडं उचलली. ज्यांना माझ्याबरोबर तिथे यायचंय त्यांनी मेसेज करा. गाडीत तिघांची जागा आहे, आणि स्पॅनिश येणारं कुणी असेल तर फारच बरं.