‘सवलतीतले विक्रम’ म्हणणाऱ्यांना

युरोप-अमेरिकेत छताखालच्या ॲथलेटिक्सचा, म्हणजे इनडोअरचा, मोसम सुरू झाला की आपल्याकडच्या खेळप्रेमी ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, गाभा तोच: ‘६० मीटर हर्डल्स (अडथळ्यांची शर्यत) म्हणजे खऱ्या शर्यतीची अर्धी आवृत्ती. छताखाली वारा नाही, अडथळे पाचच, त्यात उंचावरचे ट्रॅक आणि स्प्रिंगवाले बूट. म्हणून विक्रम सारखे मोडतात. आतले राजे मैदानात आले की ढेपाळतात. आपल्या पोरांनी या भानगडीत पडू नये.’

‘खरी शर्यत’ म्हणजे मैदानावरची, दहा अडथळ्यांची: पुरुषांची ११० आणि महिलांची १०० मीटर हर्डल्स. यातल्या बुटांच्या मुद्द्यात तथ्य आहे, उंचीच्या मुद्द्यात थोडंसं आहे. बाकीचं मात्र ठोकून दिलेलं आहे.

‘छताखाली वारा नाही, म्हणून वेळ भारी येते’

इथे मजकूर स्वतःच्याच पायात पाय अडकवून पडतो. मैदानी शर्यतीत पाठीमागून सेकंदाला २ मीटरपर्यंतचा वारा विक्रमासाठी चालतो. हॉलमध्ये पाठीवर झुळूकसुद्धा नसते. मग सवलत कुणाला मिळाली?

जुलै २०२२ मध्ये युजीनच्या जागतिक स्पर्धेत नायजेरियाच्या टोबी अमुसानने १०० मीटर हर्डल्सची उपांत्य फेरी १२.१२ सेकंदांत जिंकली. वारा होता ०.९, त्यामुळे तो जागतिक विक्रम ठरला. त्याच संध्याकाळी अंतिम फेरीत ती १२.०६ मध्ये पोचली, पण वारा निघाला २.५. सुवर्णपदक मिळालं, विक्रमाच्या वहीत मात्र १२.१२ च राहिले. धावणारी तीच आणि ट्रॅकही तोच, तरी वाऱ्याने दोन वेळांची किंमत वेगळी केली. अमेरिकेच्या ग्रँट हॉलोवेची ११० मीटर हर्डल्समधली सर्वोत्तम वेळ १२.८१ आहे आणि तेव्हा त्याच्या पाठीशी १.८ चा वारा होता. अमेरिकेच्याच एरीज मेरिटने १२.८० चा जागतिक विक्रम केला तेव्हा वारा होता फक्त ०.३. या दोघांत सरस कोण, यावर रात्रभर भांडता येईल. हॉलमधल्या वेळांबाबत हे भांडणच उरत नाही. समोरचा वारा, थंडी, पाऊस यांपासून सुटका होते हे खरं; पण विक्रम काही समोरच्या वाऱ्यात होत नसतात, ते होतात चांगल्या दिवशी. आणि मैदानावरच्या चांगल्या दिवसात मागून थोडा वारा बहुतेक वेळा असतोच.

‘पाचच अडथळे, अर्धीच शर्यत’

मजकूर लिहिणाऱ्याने ही शर्यत कधी नीट पाहिली असेल का, अशी शंका येते ती इथे.

पुरुषांचा पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेपासून १३.७२ मीटरवर असतो. पुढचे चार प्रत्येकी ९.१४ मीटरच्या अंतराने. उंची १०६.७ सेंटिमीटर, म्हणजे बऱ्याच जणांच्या कमरेच्या वर. ही मापं मैदानावर असतात तीच. कमी होते ती अडथळ्यांची संख्या. पाचव्या अडथळ्यानंतर अंतिम रेषा ९.७२ मीटरवर. ११० मीटरमध्ये दहाव्या अडथळ्यानंतर १४.०२ मीटर मिळतात, तिथे थोडीफार भरपाई करता येते. हॉलमध्ये तेवढी जागाच उरत नाही. महिलांचं गणित उलटं आहे: पाचव्या अडथळ्यानंतर त्यांना १३ मीटर मिळतात, तर मैदानी १०० मीटरमध्ये १०.५०. म्हणजे पुरुषांच्या शर्यतीत अंतिम रेषेवर छाती झोकण्याला महत्त्व, महिलांच्या शर्यतीत शेवटच्या सपाट धावेलाही. ‘अर्धी आवृत्ती’ या दोन शब्दांत हा फरक कुठे बसतो?

दोन अडथळ्यांच्या मध्ये तीनच पावलं. चौथं टाकलं की पाय बदलतो, लय जाते आणि शर्यतही जाते. ब्लॉकपासून, म्हणजे सुरुवातीला पाय टेकवायच्या ठोकळ्यांपासून, पहिल्या अडथळ्यापर्यंत आठ पावलं टाकायची जुनी पद्धत. क्यूबाच्या डेरॉन रोब्लेसने सात पावलांत पोचून दाखवलं आणि मग आठवाले आपली सुरुवात नव्याने बांधायला लागले. मेरिटने बदल केला, चीनच्या लिऊ श्यांगनेही केला. मेरिटने २०१२ च्या मार्चमध्ये इस्तंबूलला जागतिक इनडोअर सुवर्ण घेतलं, ऑगस्टमध्ये लंडनला ऑलिंपिकचं आणि सप्टेंबरमध्ये ब्रसेल्सला तो १२.८० चा विक्रम. सात पावलांच्या सुरुवातीची मोठी परीक्षा आधी छताखाली झाली होती.

आता माझा आवडता हिशेब. २०१९ मध्ये अमेरिकेच्या आंतरविद्यापीठ इनडोअर स्पर्धेत हॉलोवे अडथळ्यांविना ६० मीटर ६.५० सेकंदांत धावला होता. अडथळ्यांसह त्याची सर्वोत्तम वेळ ७.२७. फरक ०.७७. पाच अडथळ्यांत वाटला तर एकामागे सुमारे दीड दशांश सेकंद. कमरेएवढ्या उंचीची फळी ओलांडायची, हवेत जायचं, उतरायचं, पुन्हा वेग पकडायचा, या सगळ्याची किंमत दीड दशांश! वेल्सच्या कॉलिन जॅक्सनचा हिशेब जवळपास तोच. १९९४ मध्ये त्याने अडथळ्यांसह ७.३० ची वेळ दिली आणि त्याच महिन्यात पॅरिसच्या युरोपियन इनडोअरमध्ये सपाट ६० मीटर ६.४९ मध्ये धावून सुवर्ण घेतलं. फरक ०.८१. दोघांत पाव शतकाचं अंतर, बूट वेगळे, ट्रॅक वेगळे, आणि एका अडथळ्यामागचा फरक एक शतांशाहूनही कमी. हे कसब अर्ध्या शर्यतीचं म्हणून हिणवायचं असेल तर हिणवा.

लहान शर्यत म्हणजे नशिबाचा खेळ, असंही कुणीतरी खाली जोडून देतं. मार्च २०१४ पासून, म्हणजे शाळेत असल्यापासून, हॉलोवे ६० मीटर हर्डल्समध्ये अकरा वर्षं हरला नाही. २०२२ चं बेलग्रेड, २०२४ चं ग्लासगो आणि २०२५ चं नानजिंग, ही तिन्ही जागतिक इनडोअर सुवर्णं त्यातलीच. लॉटरी एकालाच अकरा वर्षं लागत नाही.

जाता जाता: ‘अडथळे पाडत पळतात आणि तरी बाद होत नाहीत’ ही तक्रारही या मजकुराखाली नेहमी असते. चुकून पडला तर नियमाप्रमाणे बाद नाहीच. मुद्दाम पाडला किंवा शेजारच्याला अडचण केली तर आहे. अडथळ्याचा तोलच असा ठेवलेला असतो की वरच्या फळीच्या मध्यावर ३.६ ते ४ किलोचा जोर लागल्यावर तो कलंडावा. तेवढा जोर तुमच्या पायातूनच जातो, त्यामुळे दंड तिथल्या तिथे वसूल होतो. शेजारच्याला हात लागण्याचं मोल रोब्लेसला विचारा. २०११ च्या देगू जागतिक स्पर्धेत तो पहिला आला आणि लिऊ श्यांगला हात लागला म्हणून सुवर्ण गमावून बसला.

‘विक्रम सारखे मोडतात’

जॅक्सनने ७.३० ची वेळ जर्मनीतल्या झिंडेलफिंगेन इथे दिली, तारीख ६ मार्च १९९४. ती मोडली २४ फेब्रुवारी २०२१ रोजी, माद्रिदमध्ये, हॉलोवेने, आणि तीसुद्धा एका शतांशाने. मधली जवळजवळ सत्तावीस वर्षं काय झोपेत गेली? अमेरिकेचा ॲलन जॉन्सन ७.३६ वर थांबला. रोब्लेस २००८ मध्ये ७.३३ पर्यंत आला. त्याच वर्षी त्याने ११० मीटरचा जागतिक विक्रम केला आणि ऑलिंपिक सुवर्णही जिंकलं, पण ते तीन शतांश काही सुटले नाहीत.

महिलांमध्ये स्वीडनच्या सुझाना कॅलूरची ७.६८ ही वेळ फेब्रुवारी २००८ मधली, कार्ल्सरूहची. ती सोळा वर्षं टिकली. मग मात्र २०२४ मध्ये बांध फुटला. ११ फेब्रुवारीला न्यूयॉर्कमध्ये बहामासच्या डेव्हीन चार्लटनने ७.६७ ची वेळ दिली, पाच दिवसांनी अमेरिकेच्या टिया जोन्सने तिची बरोबरी केली, आणि ३ मार्चला ग्लासगोच्या जागतिक अंतिम फेरीत चार्लटनने ७.६५ केले. त्याच फेब्रुवारीत हॉलोवेचे ७.२७. मजकूर जन्माला आला तो बहुधा या तीन आठवड्यांत. तीन आठवडे पाहून सत्तावीस वर्षांवर निकाल देणं हे क्रिकेटच्या एका षटकावरून मालिकेचा निकाल लावण्यासारखं आहे.

‘उंचावरचे ट्रॅक, स्प्रिंगवाले बूट’

हॉलोवेचे ७.२७ आणि टिया जोन्सचे ७.६७ एकाच दिवशी, एकाच ठिकाणी झाले: १६ फेब्रुवारी २०२४, ॲल्बुकर्की. हे शहर समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहे. तिथली हवा विरळ, धावणाऱ्याला विरोध कमी. सपाट ६० मीटरचा ख्रिस्तियन कोलमनचा ६.३४ चा विक्रमही, २०१८ चा, तिथलाच. तेव्हा उंचीचा फायदा होतो हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण बाकीची यादी बघा. हॉलोवेने ७.२९ ची वेळ तीन वेगवेगळ्या शहरांत दिली: माद्रिद, बेलग्रेड, ग्लासगो. माद्रिद साडेसहाशे मीटरवर आहे, बेलग्रेड आणि ग्लासगो त्याच्याही कितीतरी खाली. चार्लटनचे ७.६५ ग्लासगोचे, ७.६७ न्यूयॉर्कचे, दोन्ही समुद्रसपाटीजवळच्या सखल भागातले. ॲल्बुकर्कीची वेळ वहीतून खोडली तरी पुरुषांत हॉलोवे जॅक्सनच्या पुढेच राहतो आणि महिलांत चार्लटन कॅलूरच्या.

बुटांचं प्रकरण एवढ्यावर सुटत नाही. गेल्या काही वर्षांत स्पाइक्सच्या, म्हणजे खिळे असलेल्या बुटांच्या, तळव्यात ताठ पट्टी आणि उसळी देणारा फोम आला. त्याने धावण्याच्या वेळा सुधारल्या, असं मलाही वाटतं. जॅक्सनला असे बूट दिले असते तर ७.३० चे किती झाले असते? या प्रश्नापुढे हॉलोवेचे चाहते जरा चुळबुळतात, आणि त्यांनी चुळबुळावंच. फक्त हे बूट मैदानावरही चालतात. तिथे २०१२ चे मेरिटचे १२.८० हॉलोवेसारख्यालाही २०२१ मध्ये एका शतांशाने हुकले. संशय घ्यायचा असेल तर दोन्हीकडे सारखा घ्या.

‘आतले राजे बाहेर ढेपाळतात’

इथे टोकियो ऑलिंपिकचा पुरावा दिला जातो. हॉलोवे तिथे पुढे होता, शेवटच्या अडथळ्यांवर जमैकाच्या हॅन्सल पार्चमेंटने त्याला गाठलं आणि १३.०४ विरुद्ध १३.०९ असं सुवर्ण नेलं. पुरावा बरोबर आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. त्याआधी २०१९ मध्ये दोहाला आणि त्यानंतर २०२२ मध्ये युजीनला व २०२३ मध्ये बुडापेस्टला हॉलोवे मैदानी जगज्जेता झाला, आणि २०२४ मध्ये पॅरिसला १२.९९ मध्ये ऑलिंपिक विजेता. ॲलन जॉन्सन अटलांटाचा ऑलिंपिक विजेता आणि तीनदा इनडोअर जगज्जेता. लिऊ श्यांग अथेन्सचा ऑलिंपिक विजेता आणि २००८ चा इनडोअर जगज्जेता. मेरिटचं वर सांगितलंच.

उलट बाजूही आहे. चार्लटन पॅरिसहून पदकाविना परतली. कॅलूर २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीत पहिल्याच अडथळ्यावर पडली. आणि जॅक्सन? त्याच्याकडे ऑलिंपिकचं एकच पदक, १९८८ चं रौप्य. पण १९९३ मध्ये श्टुटगार्टला ११० मीटरचा १२.९१ चा जागतिक विक्रमही त्याचाच होता. २००४ मध्ये लिऊने बरोबरी करेपर्यंत आतला आणि बाहेरचा, दोन्ही विक्रम एकट्या जॅक्सनच्या नावावर होते. ऑलिंपिक सुवर्ण हुकलं याचा दोष त्याच्या इनडोअर विक्रमावर ढकलायचा, तर तोच दोष मैदानी विक्रमावरही टाकावा लागेल.

६० मीटरमध्ये सुरुवात आणि पहिले तीन अडथळे जास्त बोलतात, ११० मीटरमध्ये दमल्यावर लय टिकवणं. म्हणून दोन्हीकडचे विजेते कधी तेच असतात, कधी नसतात. १०० आणि २०० मीटरबद्दलही हेच म्हणता येतं, तिथे कुणी ‘अर्धी आवृत्ती’ म्हणत नाही.

‘आपल्या पोरांनी या भानगडीत पडू नये’

हे वाक्य मराठी ग्रुपवर वाचलं की राग येतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या तेजस शिरसेने मे २०२४ मध्ये फिनलंडमधल्या युवास्कुला इथे ११० मीटर हर्डल्स १३.४१ मध्ये धावून राष्ट्रीय विक्रम केला. आधीचा १३.४८ चा विक्रम होता मुंबईच्या सिद्धांत थिंगालयाचा. त्यानंतरच्या जानेवारीत तेजस थेट लक्झेंबर्गच्या हॉलमध्ये उतरला आणि ७.६५ मध्ये ६० मीटरचा राष्ट्रीय विक्रमही मोडला. विशाखापट्टणमच्या ज्योती याराजीने फेब्रुवारी २०२४ मध्ये तेहरानला ८.१२ मध्ये आशियाई इनडोअर सुवर्ण जिंकलं आणि जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या नाँत शहरात ही वेळ ८.०४ वर आणली. चारच महिन्यांनी दक्षिण कोरियातल्या गुमीच्या आशियाई स्पर्धेत तिने १२.९६ मध्ये मैदानी सुवर्ण राखलं. हॉलमुळेच ते मिळालं, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. हॉलमध्ये जाऊन ती बिघडली, असं तर मुळीच नाही.