म्हणे, विचार न करता बोला!

जर्मन, पोर्तुगीज शिकणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘परकी भाषा बोलण्याआधी विचार करू नका. तयारी म्हणजे पाठांतर. लहान मूल तयारी करतं का? परीक्षेत तयारीचा वेळ घेऊच नका, परीक्षकावर छाप पडते. बाहेर कोण वेळ देतो?’ म्हापशाची माझी भाची जर्मनच्या बी-वनला, म्हणजे मधल्या पातळीच्या परीक्षेला, बसतेय. तिने हे मनावर घेतलं, म्हणून लिहितोय.

आधी परीक्षेचं, कारण नुकसान तिथे आहे. ही परीक्षा घेणाऱ्या गोएथे संस्थेच्या बी-वन तोंडी परीक्षेआधी तयारीला १५ मिनिटं देतात. ती नाकारल्याचे जादा गुण मिळत नाहीत. उलट, भाषासंशोधक मेनर्ट यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जर्मन शिकणाऱ्यांचेच चार गट होते: एकाला तयारीला वेळच नाही, बाकीच्यांना १, ५ आणि १० मिनिटं. वेळ वाढत गेला तसं बोलणं अडखळायचं कमी झालं. चुका तर एका मिनिटानेही घटल्या. गुंतागुंतीची वाक्यं मात्र १० मिनिटंवाल्यांनाच जमली. यात नवल काय? काय सांगायचं, शब्द कुठला, ‘वाइल’नंतर (म्हणजे ‘कारण’नंतर) क्रियापद शेवटी न्यायचं, सगळं एकदम सांभाळायचं असतं. काय सांगायचं ते आधी ठरलं की व्याकरणाकडे बघायला डोकं मोकळं राहतं. हे सोडून छाप पाडायची? कसली?

तयारी म्हणजे पाठांतर, हे अर्धं खरं. अख्खं भाषण लिहून काढलं तर फसतं, आणि परीक्षेत कागद वाचून दाखवायची मुभाही नाही. पण आपले कीर्तनकार उभे राहतात तेव्हा अभंग, दृष्टांत, क्रम ठरलेला असतो, वाक्यं उभ्या उभ्या येतात. तयारी म्हणजे तेवढीच. आणि हो, त्याच अभ्यासात एका मिनिटापुढे वेळ वाढवून चुका आणखी घटल्या नाहीत, हेही सांगून टाकतो.

लहान मुलाचं काय घेऊन बसलात! ते वर्षभर नुसतं ऐकतं, तेव्हा कुठे पहिला शब्द काढतं. त्याला व्हिसाही नको असतो.

बाहेर वेळ मिळत नाही, कबूल. म्हणून तर सराव घरी. भाचीला सांगितलंय: दहा मिनिटं मुद्दे काढ, बोल, मग तोच विषय एका मिनिटाच्या तयारीवर पुन्हा बोल. कागदावर पूर्ण वाक्य दिसलं तर कागद काढून घेणार.